सोंडेवाडीची पाटलीण

आमची पाटलीण तिकीट खिडकीवर कधी गुपचूप तिकीट घ्यायची नाही. खिडकीत हात घालायची आणि ज्या ठेसनाचं नाव रेल्वेच्या कुठल्याच पुस्तकात नाही त्याचं तिकीट मागायची. त्या दिवशीही श्रीरामपूरला तसंच झालं. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं पिठाची चाळण आणायला गेलो होतो. जुनीची जाळी फाटली होती. चाळणीसाठी श्रीरामपूर कशाला, असं मी म्हणालो, तर म्हणाली, "तिथल्या बोहऱ्याकडं जाळी बारीक मिळती." तिनं दुकानातल्या साऱ्या चाळण्या डोळ्याला लावून सूर्याकडं बघितल्या, तेव्हा कुठं एक पसंत पडली. परत येताना ती खिडकीवर उभी राहिली.

"सोंडेवाडी दोन."

"बाई, असं ठेसन न्हाई आमच्याकडं."

"तुमच्याकडं नसंल. आमच्याकडं हाय."

मागं रांग वाढत होती. कुणीतरी ओरडलं, "मावशे, आवर की, गाडी सुटंल!"

"सुटू दे की. सोंडेवाडीवरनंच जायची हाय ती."

आतला बाबू तिला ओळखत होता. त्यानं पुठ्ठ्याची दोन तिकिटं पुढं सरकवली. "हे घ्या बोरवंड. तुमची सोंडेवाडी त्यातच आली." तिनं तिकीट उलटसुलट करून पाहिलं, "चुकीचं छापलंय," म्हणाली आणि पदराला गाठ मारून ठेवलं. मी शेजारी मान खाली घालून उभा. दरवेळी तसाच उभा असायचो.

घरी आलो. तिनं नव्या चाळणीनं पीठ चाळलं, पिठलं-भाकरी केली. जेवताना म्हणाली, "चाळण बरी हाय." हेच तिचं शेवटचं बोलणं. मोठं काही बोलून गेली नाही. पहाटेची मालगाडी गेली की ती उठायची. दुसऱ्या दिवशी मालगाडी गेली आणि ती उठली नाही.

पाटलीण हे तिचं नाव नव्हे. नाव सरूबाई. आणि आम्ही पाटील तर अजिबात नव्हे. मी रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायची असली की सांधा बदलणारा. लग्न करून तिला आणली ती थेट रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. ठेसनाचं नाव बोरवंड. पण बोरवंड गाव ठेसनापासून दोन कोस लांब. ठेसनाशेजारी होती ती एक गल्ली, रुळांच्या पलीकडं. तिला नावच नव्हतं. सगळे म्हणायचे, ठेसन. कुठं राहता, तर ठेसनावर. कुठं चालला, तर ठेसनावर. एकटी माझी बायको त्या गल्लीला गाव म्हणायची. मीठ आणायला निघाली तरी पदर सारखा करून म्हणायची, "जरा गावात जाऊन येते."

याकोब पोर्टर मोठा टवाळ माणूस. एकदा त्यानं तिला अडवलं. "वहिनी, गावात चाललाच हायसा तर पाटलाला आमचा रामराम सांगा."

ती थांबलीसुद्धा नाही. "पाटील डुटीवर हाय. मी पाटलीण. काय सांगायचं ते मला सांग."

तेव्हापासून ती पाटलीण झाली. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि शेवटी शेवटी तर माझ्याही तोंडात तेच बसलं. "काय पाटलीणबाई, गाव काय म्हनतंय?" असं गँगमन लोक रुळावरून जाता जाता विचारायचे. ती दारातूनच सांगायची, "निजलंय. उठंल."

तिला चिडवणाऱ्यांचंही चुकत नव्हतं. निजलेलंच काय, गाव मेलेलं होतं. आमच्या आधीच्या पिढीतले म्हातारे सांगायचे की साहेबाच्या राज्यात लोहमार्ग खुद्द बोरवंडच्या शिवेतून न्यायचा होता. बोरवंडकरांनी नको म्हटलं. धुरानं पिकं करपतील, शिट्टीनं गाई दूध चोरतील, असं काहीबाही. मग साहेबानं रूळ वळवून या मुरमाड माळावर आणले. बोरवंडकरांनी ठेसनाला नाव दिलं, जागा दिली नाही. माळावर विहीर लागली, विहिरीला पाणी लागलं, म्हणून इथं इंजिनाला पाणी पाजायचा नळ बसला. लोखंडी, उंच, वरून वाकलेला, पुढं कातड्याची लोंबती पिशवी. हुबेहूब हत्तीची सोंड. सगळे त्याला सोंडच म्हणायचे.

इंजिन सोंडेखाली उभं राहून पाणी प्यायचं आणि त्या पाण्यावर गल्ली जगायची. गाडी थांबते म्हणून उतारू खाली उतरायचे. उतारू उतरतात म्हणून चहावाला आला, भजीवाला आला, पेरूच्या पाट्या आल्या. मग मालधक्का बांधला. धक्क्यावर गुळाच्या ढेपा, कांद्याची पोती, कापसाचे गठ्ठे. माल आला म्हणून आडते आले, मारवाडी आला, शिंपी आला. मी नोकरीला लागलो तेव्हा धक्क्यावर बैलगाड्यांची रांग लागायची आणि गुळावरच्या माशा डब्यात शिरून थेट दौंडापर्यंत जायच्या.

हे सगळं कुणी पाडलं नाही. आपोआप ओसरलं. मोठी इंजिनं आली. ती एकदा पाणी प्यायली की पुढच्या मोठ्या ठेसनापर्यंत थांबेनात. सोंड कोरडी पडली, तिच्या पिशवीत चिमण्यांनी घरटी केली. डांबरी सडक झाली तशी गूळ-कांदा ट्रकनं जायला लागला. धक्क्याला कुलूप लागलं. आडते गेले, मारवाडी शेठ गेला, शिंपी श्रीरामपूरला गेला. राहिलो ते रेल्वेचे नोकर आणि ज्यांना दुसरीकडं जायला जागा नव्हती असे चार लोक.

पाटलीण मात्र रोज सकाळी आपल्या अंगणात सडा टाकून झाला की बादली घेऊन रूळ ओलांडायची आणि गल्लीतल्या बंद दुकानांच्या दारांतही सडा टाकायची. कुलपावरची जळमटं खराट्यानं काढायची. मला राग यायचा. लोक हसतात म्हणून नव्हे, पाणी मला शेंदावं लागायचं म्हणून.

"अगं, तिथं कोन हाय? कुनासाठी करती?"

"उद्या कुनी आलं तर त्याला आपलं दार वळखू यायला पायजे का नको?"

"कोन येतंय?"

"आलं तर म्हनते मी. आलं न्हाई तर माझं काय गेलं? पानीच गेलं ना?"

ती असं का करते हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. तिचं माहेर धरणात गेलं होतं. ते बुडायच्या आधी आम्ही शेवटचे गेलो होतो तेव्हा पाणी मारुतीच्या पायरीला लागलेलं. बायका रडत होत्या. ही रडली नाही. येताना गाडीत फक्त एवढंच म्हणाली, "माझा भाऊ आता वसाहतीत ऱ्हानार आन मी ठेसनावर. आमच्या बापाला दोन लेकरं, दोघांला बी गाव न्हाई." कुणी बाई तिला विचारायची, तुम्ही कुठल्या गं? तर ती म्हणायची, "हुते एका गावची." आणि विषय बदलायची.

माझं गाव आहे, पाथर्डीकडं. रिटायर झालो, क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "चल आता गावाला."

"कुठल्या?"

"आपल्या."

"ते तुमचं. तिथं मला सून म्हनत्यात, गावची म्हनत न्हाईत. चार वरसांतनं एकदा जायचं आन सरपन कुठं ठेवलंय ते बी इचारायचं. मी न्हाई यायची." आणि मग म्हणाली, "एक गाव माझ्या डोळ्यांदेखत गेलं. हे जाऊ द्यायचं न्हाई मला."

 मी गल्लीच्या मागं दोन खोल्या बांधल्या. तिच्यासाठी बांधल्या, पण तिला तसं कधी सांगितलं नाही.

त्याच सुमारास मास्तरांनी, म्हणजे आमच्या स्टेशन मास्तरांनी, मला बोलावून सांगितलं की वरून विचारणा आलीय. इथं तिकिटं खपत नाहीत. असंच चाललं तर पॅसेंजर थांबणार नाही. पॅसेंजर थांबली नाही तर मग काय राहणार होतं? मुरमाचा माळ आणि चिमण्यांची सोंड. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, पण ती भाकरी वाकडी झाली. मी तिच्या हातची तेवढी एकच वाकडी भाकरी खाल्ली.

मग तो दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडं एवढंच झालं की धक्क्याचं कुलूप निघालं. गवताच्या गासड्या आणि मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, पोती भरून वॅगनी येऊ लागल्या. बोरवंडच्या रस्त्याला खडी फोडायचं सरकारी काम निघालं. माळावर माणसंच माणसं झाली. बायका, पोरं, म्हातारे, सगळे हातोडी घेऊन बसलेले. दिवसभर नुसता टक टक आवाज.

पाटलीण एक दिवस ते बघून आली आणि म्हणाली, "मानसं आली. आता बाजार भरवायचा."

मी म्हणालो, "खायला न्हाई आन बाजार?"

"खायला न्हाई म्हनूनच की. शनिवारी पगार वाटत्यात. ती मानसं मीठ-मिरचीला दोन कोस चालत बोरवंडला जात्यात. दिवसभर दगड फोडून. हितंच मिळालं तर?"

बोरवंडला दवंडी देणारा गेणू म्हणून एक म्हातारा होता. तिनं त्याला बोलावून जेवू घातलं आणि आजूबाजूच्या गावांत दवंडी द्यायला धाडलं. त्यानं हलगी वाजवत गावोगाव सांगितलं, "ऐका हो ऐकाऽ, शनिवारच्या दिशी ठेसनावर बाजार भरनार हाय होऽ!"

शनिवार आला. पाटलीण सकाळीच धक्क्यावर गेली. झाडलोट केली, पोतं अंथरलं, पुढं कांदे आणि वाळल्या मिरच्या मांडून बसली. कुणी आलं नाही. ऊन वर आलं तरी कुणी नाही. माळवंवाल्या बायका नाहीत, कुंभार नाही, कासार नाही. संध्याकाळी खडीवरची माणसं पगार घेऊन आली. हातात रिकाम्या पिशव्या. सगळ्या धक्क्यावर एक पाटलीण आणि तिचे कांदे.

"पाटलीणबाई, बाजार कुठं हाय?"

"ह्यो काय, बसलाय."

याकोब होताच. तो म्हणाला, "लई मोठा बाजार हाय. ह्या टोकाला वहिनी, त्या टोकाला बी वहिनीच. मधी कांदं."

सगळे हसले. तीही हसली. पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं एक कासार उतरला. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं, डोक्यावर राग. तो थेट तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "तुमीच व्हय ती दवंडी दिलेली बाई? दिसभर त्या खालच्या ठेसनावर उनात बसलो मी! माझ्यासंगं दोन माळनी हुत्या, त्या रडत घरला गेल्या."

"खालच्या ठेसनावर का बसलासा?"

"का म्हंजी? ठेसनावर बाजार म्हनला ना तुमी? आमच्या गावाला ठेसन म्हंजी ते!"

तेव्हा उलगडा झाला. दवंडी सगळ्यांनी ऐकली होती. सगळे निघालेही होते. पण खालच्या गावांचे लोक खालच्या ठेसनावर गेले, वरच्या गावांचे वरच्या ठेसनावर. ज्याचं त्याचं ठेसन निराळं. आमचं ठेसन फक्त आमच्यापुरतं ठेसन होतं, हे इतक्या वर्षांत आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

कासार म्हणाला, "बाई, ठेसनं काय दर दोन कोसाला हायेत. तुमच्या गावाचं नाव काय ते सांगा."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. पाटलीण निरुत्तर झालेली मी तेव्हाच पाहिली. तिनं कांद्याशेजारचा तांब्या उचलला. मग कासाराला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्याजवळच्या लिंबाखाली माणसं जमली. जमली म्हणजे तिनंच जमवली. बोरवंडचे सरपंचही सायकलवरून आले, कारण त्यांच्या कानावर बाजाराची गोष्ट गेली होती. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "बाजार भरवा, आमचं काई म्हननं न्हाई. पर बोरवंडचा बाजार म्हनायचं न्हाई. बोरवंडचा बाजार सोमवारी हाय, तो बोरवंडलाच भरतो."

"मग ती ठेसनावरची पाटी काढून न्या तुमची," पाटलीण म्हणाली.

"पाटी रेल्वेची हाय."

"आन मानसं?"

"मानसं तुमची. तुमची तुमी बघा."

"बरं झालं बोललात, दादा. आमची आमी बघतो."

मग नावावर बोलणं सुरू झालं. मास्तर म्हणाले, शांतीनगर. ते कुणाच्या जिभेवर बसेना. याकोब म्हणाला, "एवढं कशाला, पाटलीणवाडी म्हना की."

"जित्या बाईचं नाव गावाला? उद्या कुनाचं भांडन झालं की गावाला शिव्या द्यायचा आन लागायच्या मला."

मला एक सुचत होतं. मी भीत भीत म्हणालो, "तुझ्या माहेराचं नाव देऊ."

ती कितीतरी वेळ पायाजवळची माती बोटानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "न्हाई. ते बुडालं त्ये आपल्या नावानिशी बुडालं. त्याचं नाव त्याला ऱ्हाऊ द्या."

गेणू दवंडीवाला इतका वेळ बिडी ओढत बाजूला बसला होता. तो कंटाळून म्हणाला, "मला काय ते लवकर सांगा. हलगी माझ्या गळ्यात हाय. लोकांला हे ठेसन ठाव न्हाई असं न्हाई. मी आपलं सांगतो, सोंडंचं ठेसन. तसं म्हनलं की लहान पोरगं बी वळखतं. गाडीतनं समदे तीच बघत्यात."

पाटलिणीनं मान वर केली. भाजीत मीठ बघावं तसं तिनं ते तोंडात घोळवलं. "सोंडे... वाडी. सोंडेवाडी."

याकोब म्हणाला, "वहिनी, त्या सोंडंत थेंब न्हाई पान्याचा."

"तुझ्या बिल्ल्यावर पोर्टर लिवलंय. तू कवा वझं उचललंस?"

सगळ्यांत आधी सरपंच हसले. नाव ठरलं.

पुढच्या आठवड्यात गेणूनं दवंडी दिली, "सोंडेवाडीला बाजार हाय होऽ, सोंडंच्या ठेसनावर होऽ!" आणि शनिवारी तो रागीट कासार सगळ्यांच्या आधी हजर. त्यानं गाठोडं सोडायच्या आधी पाटलिणीचे हात पुढं ओढले आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. मागून माळणी आल्या, कुंभार आला, मीठवाला आला, दोरवाला आला. माल थोडा होता, दुष्काळच होता तो. पण धक्क्यावर माणसं पाठीला पाठ लावून बसली होती. पाटलीण आपल्या जागी कांदे घेऊन बसली आणि एकही कांदा विकला नाही. नुसती बघत होती. एका गिऱ्हाइकानं दोनदा भाव विचारला तेव्हा म्हणाली, "थांब रे जरा. बघू दे."

दुष्काळ गेला. पाऊस झाला, खडीचं काम बंद पडलं, माणसं आपापल्या शेतावर गेली. मास्तर म्हणाले, आता बाजार मोडणार. मलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "शनिवारी बघू." शनिवारी बाजार भरला. खडीवरची माणसं आता माल घेऊन आली होती. ज्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन यायच्या त्याच मेथीच्या जुड्या आणि काकड्या घेऊन बसल्या. मग बाजारकरी तिकीट काढू लागले. मास्तर एक दिवस पेढे घेऊन घरी आले. पॅसेंजर थांबणार होती.

एकदा मारवाडी शेठचा पुतण्या दुकान पाहायला आला. दारात उभा राहून त्यानं ओला सडा पाहिला आणि घाबरला. त्याला वाटलं कुणी घुसलंय. "इथं कोण राहतं?" त्यानं पाटलिणीला विचारलं.

"कुनी न्हाई. तुमीच ऱ्हाता. उशीर लई केला."

त्यानं दुकान उघडलं. किराणा आला. पुढं पिठाची गिरणी आली, न्हावी आला. ती बोटांवर मोजायची. गावाला पार लागतो, झाला. गिरणी लागती, झाली. न्हावी लागतो, आला. मारुती राहिला होता. तो गँगमन लोकांनी माळावरच्या एका दगडाला शेंदूर लावून बसवला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "नाक जरा बसकं हाय. चालंल."

पण ती सगळ्यांत खूश झाली ती एस.टी.च्या दिवशी. बोरवंडवरून जाणारी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिल्यांदा थांबली. कंडक्टर नवा, लांबचा माणूस. त्यानं दार उघडून आरोळी मारली, "चला सोंडेवाडीऽ! सोंडेवाडीवाले उतरा!"

पाटलीण घरात पीठ मळत होती. तशीच पिठाच्या हातांनी धावत आली. "काय म्हनलास रं?"

"सोंडेवाडी. का? चुकलं का?"

"पुन्यांदा म्हन."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, आजी बऱ्या हायेत ना?"

मी म्हणालो, "बरी हाय. म्हन एकदा, काय जातंय तुझं?"

त्यानं म्हटलं. आतले उतारू हसायला लागले. ती हसली नाही. देवळातल्यासारखे हात जोडून उभी राहिली आणि मग म्हणाली, "जा आता. उशीर हुईल तुला." त्यानं डबल बेल दिली. गाडी गेली तरी ती धुळीत उभीच होती. त्या रात्री कणीक सैल झाली होती. 

रेल्वेनं मात्र पाटी बदलली नाही. मास्तरांनी तिला समजावून सांगितलं की ते आपल्या हातात नाही, फार वर जावं लागतं. ती म्हणाली, "मग मी वर जाईपर्यंत खिडकीवर भांडते." आणि भांडत राहिली.

तर अशी ती. पहाटेची मालगाडी गेली आणि ती उठली नाही, हे मी वर लिहिलं आहे.

उजाडताना याकोब पहिला आला. त्यानं टोपी काढली आणि दारातच बसला.  मास्तरांनी सासरी असलेल्या आमच्या लेकींना निरोप पाठवला. हळूहळू गल्ली गोळा झाली. बोरवंडहून सरपंच आले, तेही बसले.

आजवर ठेसनावर कुणी मेलं तर त्याला इथं कधी जाळलं नव्हतं. आम्ही सगळे कुठून कुठून आलेले. ज्याला त्याला त्याच्या त्याच्या गावाला नेत. नेणं जमलं नाही तर बोरवंडच्या ओढ्यावर. याकोबाची माणसं श्रीरामपूरला त्यांच्या कबरस्तानात जायची. पाटलिणीनं बोटांवर सगळं मोजलं, पार, गिरणी, न्हावी, मारुती. एक मसणवटा तेवढा मोजला नव्हता.

सरपंच माझ्याजवळ सरकले. हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, आमच्या घाटावर आना. जागा तुमचीच समजा. काई परकं मानू नका." मनापासून म्हणाले ते. मी नाही म्हणणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

याकोब डोळे पुसून उठला. "का तुमच्या गावाला न्यायचं, दादा? पाथर्डीकडं? टेम्पो सांगितलाय मी. गावालाच न्यायला पायजे म्हनत्यात समदे."

मी म्हणालो, "गावातच हाय ती."

 मी उठलो. लोक म्हणाले, तुम्ही बसा, तुम्ही कुठं चाललात. मी बसलो नाही. मागच्या दारची कुदळ आणि घमेलं घेतलं आणि रुळांच्या उगवतीला, ओढा आमच्या माळाकडं वळतो तिथं गेलो. तिथं घाणेरी माजली होती. ती तोडली. मुरूम कडक होता, कुदळ वाजायची. खड्डा होता तो भरून काढला, उंचवटा होता तो खणून काढला. मागून याकोब फावडं घेऊन आला. सरपंचांनी सायकल बाभळीला टेकवली, टोपी काढून खिशात घातली आणि घमेलं माझ्या हातातून घेतलं.

याकोब म्हणाला, "दादा, बास की आता. लई मोठी झाली जागा. वहिनीला एवढी कशाला?"

मी खणतच राहिलो. एकीपुरती जागा मी करतच नव्हतो. गावाला पुरेल एवढी करत होतो.